जुळीचा दुसरा उजेड

दिवस मावळला की माळावरच्या खोलीचं छत आपोआप सरकायचं. हणमंतराव घार्गे जाऊन वर्ष होत आलं होतं, तरी सरकायचं.

त्यांची मुलगी मुक्ता पुण्याहून वडूजला आली त्या संध्याकाळी आईबरोबर ओट्यावर चहा घेत होती. घरामागच्या माळावरून घरघर ऐकू आली आणि तिचा हात तसाच थांबला. हा आवाज ती लहानपणापासून ओळखत होती. पत्र्याचं छत रुळावरून मागे जाण्याचा आवाज. त्यामागून बारीक गुणगुण, दुर्बीण पूर्वेकडे वळत असल्याची.

"आई, हे अजून चालू आहे?"

"रोज उघडतंय," शालनताई म्हणाल्या.

"मग बंद का नाही केलंस? एक बटण तर दाबायचं."

शालनताईंनी चहा बशीत ओतला, फुंकर घातली, आणि प्यायल्या नाहीत. "उघडू दे की. आवाज आला की वाटतं, वर गेल्यात. येतील जेवायच्या टायमाला."

मुक्ता खरं तर तेच बंद करायला आली होती. घर बंद करायचं, दुर्बीण एखाद्या शाळेला देऊन टाकायची आणि आईला पुण्याला न्यायचं, असं तिने ठरवलं होतं. पण त्या संध्याकाळी ती वर गेली नाही. खोलीत दिवा नव्हता. अंधारात एक दुर्बीण, तिला सांगणारा माणूस नसताना, त्याने सांगून ठेवलेल्या जागेकडे बघत उभी होती. ओट्यावर बसूनही मुक्ताला ते जाणवत राहिलं.

घार्गे सर वडूजच्या कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवायचे. माण-खटावचा हा पट्टा कोरडा. वर्षातले कितीतरी महिने आकाश धुतलेल्या पाटीसारखं स्वच्छ असतं. त्याच जोरावर त्यांनी घरामागच्या माळावर खोली बांधली, घागरीच्या तोंडाहून थोड्या मोठ्या आरशाची दुर्बीण बसवली आणि वीस वर्षं एकच काम केलं. ते सक्रिय दीर्घिकांचा उजेड मोजायचे.

बहुतेक दीर्घिकांच्या पोटात एक प्रचंड कृष्णविवर असतं. आपल्या आकाशगंगेतलं जवळजवळ निजलेलं आहे. काही दीर्घिकांतलं मात्र जागं असतं. भोवतीचा वायू आणि धूळ ते ओढून घेतं, आणि आत पडण्यापूर्वी ती सामग्री इतकी तापते की अब्जावधी ताऱ्यांचा उजेड तिच्यापुढे फिका पडावा. काही ठिकाणी तर प्रकाशाच्या वेगाशी बरोबरी करणारा झोत सुटतो आणि तो नेमका आपल्या दिशेने रोखलेला असतो. अशा दीर्घिका स्थिर तेवत नाहीत. आज मंद, उद्या प्रखर, कधी तासाभरात भडकून विझतात. त्या भडकण्याच्या वेगावरूनच कळतं की उजेड देणारी ती जागा किती लहान आहे. कारण ज्या जागेला ओलांडायला प्रकाशाला महिना लागतो, ती तासाभरात एकदम उजळू शकत नाही. हे सगळं कळायचं तर रोज बघावं लागतं. मोठ्या वेधशाळांना रोजचा वेळ परवडत नाही. लहान दुर्बिणींना परवडतो. म्हणून जगभरच्या लहान दुर्बिणींचं एक जाळं झालं होतं, दीपमाला नावाचं. पृथ्वी फिरत जाईल तसा एकाने पहारा दुसऱ्याच्या हाती द्यायचा. वडूजची वेळ आली की त्या पट्ट्यात दुसरं कुणीच नसायचं, एकटे घार्गे सर.

सरांची लाडकी दीर्घिका तिमिंगल तारकासमूहात होती. तिला क्रमांक होता, पण सर तिला 'जुळी' म्हणायचे. ती दोन दिसायची. वाटेत दीर्घिकांचा एक अवजड पुंजका आडवा आला होता आणि त्याच्या वजनाने तिचा प्रकाश वाकून दोन वाटांनी पृथ्वीवर पोचत होता. एक वाट जवळची, एक लांबची. त्यामुळे आकाशात शेजारी शेजारी दोन ठिपके दिसायचे. पहिला ठिपका आज जे करील, तेच दुसरा ठिपका दोन वर्षं आणि वर काही दिवसांनी करणार. तोच उजेड, तेच भडकणं, तेच विझणं, उशिरा पोचलेलं.

आणि याच जुळीने सरांना बुडवलं.

दोन वर्षांपूर्वीच्या नोव्हेंबरात बंगालच्या उपसागरातलं वादळ आत शिरलं आणि अख्ख्या दक्षिण भारतावर, पार वडूजपर्यंत ढग पसरले. त्या संध्याकाळी दीपमालेला वडूजहून पाच निरीक्षणं पोचली. जुळीचा पहिला ठिपका अचानक कित्येक पटींनी उजळल्याचं त्यात होतं. पश्चिमेकडच्या पुढच्या दुर्बिणीवर अंधार पडला तोवर ठिपका नेहमीसारखा मंद होता. दुसऱ्या कुणीही काही पाहिलं नव्हतं.

तेव्हा बनावट निरीक्षणांचा सुळसुळाट झाला होता. यंत्राला सांगितलं की ते हवे तसे आकडे, हवी तशी चित्रं बसल्या जागी तयार करून द्यायचं. चित्राला पुरावा म्हणून किंमतच उरली नव्हती. म्हणून दीपमालेने 'पारख' नावाची प्रणाली बसवली होती. ती चित्रं मागतच नसे. आकडे घ्यायची, ते उपग्रहाच्या ढगांशी ताडायची, आजूबाजूच्या दुर्बिणींशी ताडायची, आणि निवाडा द्यायची. सलग पाचांपेक्षा कमी निरीक्षणं असली तर ती विचारातच घेत नसे. सरांच्या पाचांवर तिने शेरा मारला : शंकास्पद. त्यांच्या वीस वर्षांच्या सगळ्या नोंदी हिरव्याच्या राखाडी झाल्या. सरांना जाळ्यातून वगळण्यात आलं.

मुक्ता पुण्यात अशाच प्रणाली बनवणाऱ्या कंपनीत होती. तिला बातमी कळली तशी ती रविवारी घरी आली.

"आप्पा, खरं सांगा. ढग होते की नव्हते?"

"होते. मधे फट पडली होती."

"उपग्रहाच्या चित्रात फट नाही."

"माझ्या डोक्यावरची एवढीशी फट उपग्रहाला कशाला दिसंल?"

"पारख अशी चुकत नाही, आप्पा. मी हेच काम करते. मला माहीत आहे."

सरांनी तिच्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता, आणि तेच तिला नंतर झोंबत राहिलं. "मी पाहिलंय, मुक्ता," एवढंच ते म्हणाले आणि उठून बाहेर गेले.

त्यानंतर बापलेकीचं बोलणं औषधं, पाऊसपाणी आणि गाडीच्या वेळा यांच्यापलीकडे गेलं नाही. शाळांच्या सहली माळावर यायच्या बंद झाल्या. सर रोज वर जात, मोजत, आणि ते कुणालाही पाठवत नसत. पुढच्या हिवाळ्याच्या तोंडाशी एका सकाळी अंघोळीला पाणी काढताना ते कोसळले. दवाखान्यात पोचेपर्यंत संपलं होतं.

मुक्ता आल्याच्या तिसऱ्या दिवशी फोन आला. नंबर परदेशी होता. पलीकडे बाई स्पॅनिश बोलत होती, आणि तिच्या शब्दांवर फोनमधला दुभाषा पुस्तकी मराठी चढवत होता. खाली एक थकलेला, खराखुरा आवाज आणि वर एक गुळगुळीत, कुणाचाच नसलेला.

"मी पाओला. चिलेच्या उत्तरेस एका शाळेत शिकवते. आपल्या वडिलांच्या नंतर पहारा माझ्याकडे येत असे. मधे बरेच तास, पण त्यांचा ठिपका पाहूनच मी सुरुवात करी. त्यांच्या निधनाचे मला उशिरा कळले."

 "आभारी आहे," मुक्ता म्हणाली.

"मी सांत्वनासाठी दूरध्वनी केलेला नाही. जुळीच्या दोन वाटांमधले वेळेचे अंतर आता तासापर्यंत अचूक कळले आहे. आपल्या वडिलांनी पाहिलेला भडका खरा असेल, तर तो दुसऱ्या ठिपक्यात पुन्हा येईल. याच आठवड्यात."

मुक्ता खुर्चीवर बसली. "कधी?"

"तीच अडचण आहे. तेव्हा आपल्याकडे सकाळ असेल. तिमिंगल आपल्या पायाखाली असेल, पृथ्वीच्या पलीकडे. माझ्या आकाशात मात्र तो असेल."

"तुम्ही बघाल?"

 "मी एकटीने पाहिले आणि तो आला, तर पारख मलाही शंकास्पद ठरवील. शेजारच्या डोंगरावर माझी एक मैत्रीण आहे. आम्ही दोघी पाहू. चूक ठरली तर दोघी जाळ्याबाहेर जाऊ. मी तिला विचारले आहे. ती तयार आहे."

"तुम्ही आप्पांना कधी भेटला होतात?"

"नाही. परंतु त्यांचा उजेड मी पुष्कळ वर्षे ओळखते."

मुक्ताने फोन ठेवला. न भेटलेली एक बाई आपलं काम पणाला लावत होती. आणि आपण या घरात, याच खुर्चीवर बसून आप्पांना 'खरं सांगा' म्हणालो होतो.

त्या संध्याकाळी छत सरकलं तेव्हा ती माळावर गेली. खोलीत संगणकाचा पडदा आपोआप उजळला. दुर्बीण जुळीकडे वळली, चित्र घेतलं, दोन्ही ठिपक्यांचा उजेड मोजला, साठवला. मालक गेल्यापासून ती हे रोज करत होती. मुक्ताने आप्पांच्या जुन्या नोंदी उघडल्या आणि त्यांचा पहिला ठिपका आजच्या दुसऱ्या ठिपक्यावर सरकवून ठेवला. दोन रेषा एकमेकींवर बसल्या. आप्पांनी तेव्हा पाहिलेला हलका चढ आज तिच्यासमोर चढत होता. त्यापुढची, उजेड ओसरण्याची छोटी घळ अजून यायची होती, आणि कशी येणार ते तिला ठाऊक होतं.

दुसऱ्या संध्याकाळी घळ आली. तिसऱ्या संध्याकाळी तिच्यातून बाहेर पडणारा उजेडही तसाच आला. जणू आप्पा अंधारात चार पावलं पुढे चालत होते आणि ती त्यांच्या पावलांवर पाय ठेवत होती. फक्त ते मागे वळून बघत नव्हते. एकदा तिला वाटलं, मागच्या स्टुलावर कुणीतरी बसलंय. ती वळली नाही. वळलं तर स्टूल रिकामं दिसेल, एवढीच भीती होती.

खाली आल्यावर आईने विचारलं, "काय करतंय त्यांचं जुळं?"

"आप्पांनी पाहिलं तेच करतंय."

"म्हंजी त्यांचं दिवस परत येत्यात म्हण की," शालनताई म्हणाल्या आणि भाकरी थापत राहिल्या.

ती सकाळ उजाडली. ऊन चांगलं वर आलं होतं. शालनताईंनी अंगणात गहू वाळत घातले होते आणि चिमण्या हुसकत त्या बसल्या होत्या. मुक्ता फोन हातात घेऊन फरशीवर उभी होती. या क्षणी तो उजेड पृथ्वीच्या दुसऱ्या बाजूला पडत होता. अब्जावधी वर्षं चालून आलेला, मधे वाट लांबल्याने दोन वर्षं उशीर झालेला. तिच्या तळव्यांखाली फरशी, फरशीखाली माती, मातीखाली सगळा अंधार, आणि त्या अंधारापलीकडे दोन बायका आकाशाकडे डोळे लावून बसलेल्या.

फोन वाजला. दुभाष्याच्या आधी पाओलाचं रडू ऐकू आलं. त्यावर तो गुळगुळीत आवाज म्हणाला, "आला. तो आला आहे. दोन्ही दुर्बिणींत."

 मुक्ता अंगणात गव्हाशेजारीच बसली. "आई," ती म्हणाली, "आप्पा खरं सांगत होते."

शालनताईंनी हातातली काठी खाली ठेवली.  चिमण्या गव्हावर उतरल्या, तरी त्या उठल्या नाहीत.

दुपारी पाओलाने पूर्ण आलेख पाठवला. भडका चढला, शिखरावर पोचला आणि पाऊण तासात उतरला. मुक्ताने आप्पांची पाच निरीक्षणं त्यावर ठेवली. पहिलं बसलं. दुसरं, तिसरं, चौथं, सगळी नेमकी रेषेवर.

पाचवं बसलं नाही.

आप्पांच्या पाचव्या आकड्यात उजेड वाढतच होता. प्रत्यक्षात त्या क्षणी तो उतरणीला लागला होता.

तिने माळावरच्या संगणकात त्या संध्याकाळची चित्रं शोधली. दोन वर्षांपूर्वी तिने ती बघायची तसदीही घेतली नव्हती. चित्रांना किंमत नाही हे तिला पक्कं माहीत होतं. चार चित्रं होती. चौथ्याच्या कडेला ढगाची करडी कोर आत येताना दिसत होती. पाचवं चित्र नव्हतंच.

फट बुजली होती. चार निरीक्षणं हातात होती आणि पाच असल्याशिवाय कुणी बघणार नव्हतं. आप्पांनी चढत्या रेषेवरून अंदाज बांधला आणि पाचवा आकडा मनानेच भरला.

संध्याकाळपर्यंत पारखचा निरोप आला. सरांचे चार राखाडी ठिपके हिरवे झाले होते. पाचवा पिवळा होता आणि त्याखाली वारसासाठी एक प्रश्न होता : हे निरीक्षण ढगामुळे चुकले आहे, की बनावट आहे?

पाओलाचा पुन्हा फोन आला. "ढग असे लिहा," दुभाषा म्हणाला. "ज्या ताऱ्याशी तुलना करून उजेड मोजतो त्याच्यासमोर ढगाचा तुकडा आला, तर दीर्घिका उगाच तेजस्वी मोजली जाते. हे सर्वांच्या बाबतीत घडते. कुणी विचारणार नाही. त्यांची वीस वर्षे परत हिरवी होतील."

"आणि बनावट लिहिलं तर?"

"तर नियम कठोर आहे. सगळे पुसले जाईल. फक्त दुसऱ्याने स्वतंत्रपणे पडताळलेले तेवढे राहील." खालचा आवाज हळू झाला, आणि त्या हळूपणाचं भाषांतर झालं नाही. "मुक्ता, ते चांगले निरीक्षक होते."

"पाचवं राहिलं तर भडका किती वेळ टिकला त्याचा हिशोब चुकेल ना? जागा आहे त्याहून मोठी वाटेल?"

"थोडी चुकेल."

"आणि तो चुकीचा आकडा आप्पांच्या नावाने राहील."

एवढं बोलून तिने फोन ठेवला.

मुक्ता स्वयंपाकघरात गेली. शालनताई डाळ निवडत होत्या. तिने सगळं साध्या शब्दांत सांगितलं : चार खरे, पाचवा नाही, आणि आपण काय लिहू त्यावर काय होईल.

शालनताईंचा हात परातीत थांबला. "त्या दिवशी वरनं आलं ते बसूनच राहिलं. म्हणालं, एक राहिला. मी म्हटलं, काय राहिला? तर म्हणालं, काय न्हाय, वाढ." त्यांनी एक खडा उचलून बाजूला टाकला. "नंतर मी बी इचारलं न्हाय. तू इचारलंस, तर तुला त्यांनी अर्धंच सांगितलं."

"मी तसं विचारलंच नव्हतं, आई. मी आधीच ठरवून आले होते."

"व्हय. ते बी खरं."

"काय लिहू?"

"ते चार तर खरं हायेत न्हवं?"

"आहेत."

"मग पाचव्याचं तू बघ. मला इचारू नगंस." त्या डाळीकडे बघत म्हणाल्या. थोड्या वेळाने म्हणाल्या, "लिहिताना मला हाक मार. एकटी नगं बसूस."

माळावरच्या खोलीत दोघी शेजारी बसल्या, मुक्ता स्टुलावर, शालनताई पालथ्या घातलेल्या पाटीवर. डोक्यावर आकाश उघडं होतं, आणि पूर्वेला तिमिंगल वर चढत होता. पडद्यावर जुळीचा वीस वर्षांचा आलेख होता. जगभरचे कितीतरी ठिपके, आणि त्यांच्यामध्ये वडूजचे, पहाऱ्याच्या रिकाम्या जागा भरणारे. आप्पांचे हिवाळे, आप्पांचे उन्हाळे. मुक्ता शाळेत होती तेव्हाचे, तिचं लग्न मोडलं त्या वर्षीचे, ज्या संध्याकाळी तिने आप्पांचा फोन उचलला नव्हता त्या संध्याकाळचे.

ढग, असं लिहिलं की झालं. बोट तिथे गेलंही. आप्पांचं बोट असंच पाचव्या आकड्यावर गेलं असेल, हे तिला कळलं, आणि त्यांच्याबद्दल इतकं जवळचं काही तिला याआधी कधीच कळलं नव्हतं.

तिने 'बनावट' लिहिलं. शेवटच्या बटणावर बोट ठेवून ती थांबली. शालनताईंनी तिच्या पाठीवर हात ठेवला. तिने दाबलं.

ठिपके जायला लागले. आधी जुने गेले, मग त्यांच्या पुढचे. आवाज काही नव्हता. भरलेला आलेख जागोजाग उसवत गेला; जिथे जिथे आप्पा होते तिथे तिथे काळी भोकं पडत गेली. शालनताई ते बघत होत्या. त्यांनी एकदाही डोळे मिटले नाहीत.

"गेलं सगळं?" पडदा स्थिर झाल्यावर त्यांनी विचारलं.

 तेवढ्यात मुक्ताला ते दिसलं. तिने आलेखाचा तो तुकडा मोठा केला. ज्या संध्याकाळी अख्ख्या दक्षिणेवर ढग होते, त्या संध्याकाळच्या जागी चार हिरवे ठिपके होते. पाओलाने आणि तिच्या मैत्रिणीने पडताळलेले. वीस वर्षांतलं सगळं गेलं होतं आणि ज्यांना खोटं म्हटलं गेलं तेवढेच उरले होते. खाली बारीक अक्षरांत लिहिलं होतं : ह. घार्गे, वडूज.

"हे चार राहिले, आई."

शालनताई पुढे वाकल्या. त्यांनी एकेका ठिपक्यावर बोट टेकवलं. "हे पहिलं?"

"हो."

"आन हे शेवटचं."

"हो. यानंतर ढग आले."

पडद्यावर डाळीने पिठाळलेल्या बोटांचे ठसे उमटले होते. शालनताईंनी पदराच्या टोकाने काच पुसली, नीट, कडेपर्यंत. ठसे गेले. चारही ठिपके जागच्या जागी राहिले.